ठासणीची, पॉइंट थ्री वन फाइव्ह की पॉइंट टू टू? जुन्या लष्करी बंदुकीची ओढ असणाऱ्यांसाठी

खंडेनवमीला आमच्या नौपाड्याच्या घरी आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक कपाटातून निघते. पाटावर लाल कापड अंथरून ती आडवी ठेवतो. हळदकुंकू पाटाला लावतो, बंदुकीला नाही, कारण जुन्या लाकडात मुरलेला कुंकवाचा डाग परत निघत नाही. संध्याकाळी ती पुन्हा कुलपात जाते. यंदा पूजेला कळंबोलीहून मामेभाऊ आला होता. आरती झाली तरी तो पाटाजवळच बसून राहिला आणि म्हणाला, "दादा, मलाही एक घ्यायचीय. जुनी, लष्कराची आणि चालणारी."

त्याला मी त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो, कारण ठाणे-नवी मुंबईत ही ओढ असलेली बरीच माणसं मला भेटतात आणि सगळ्यांची सुरुवात याच तीन शब्दांनी होते. जुनी, लष्कराची, चालणारी. आपल्याकडच्या कायद्यात आणि बाजारात हे तिन्ही गुण एका बंदुकीत जवळपास मिळत नाहीत. दोन मिळतात. कोणते दोन हवेत हे आधी ठरवलं तर पुढचा बराच वेळ, पैसा आणि मनस्ताप वाचतो.

सगळ्यांच्या मनात असते ती थ्री नॉट थ्री, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ली-एनफिल्डचा मार्क थ्री हा नमुना १९०७ चा. दहा काडतुसांचं मॅगझिन, वजन चार किलोच्या आसपास. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत होती. आपण तिला पाहिलंय ते पोलिसांच्या खांद्यावर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात रेल्वे पोलिसांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात निरोप दिला. एवढा इतिहास ज्या लोखंडात आहे ते आपल्या घरी असावं असं वाटणं मला पूर्ण समजतं. पण .३०३ हा लष्करी बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, असल्यानं ती प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने त्याच ढाच्यावर ७.६२ मध्ये काढलेल्या टू-ए रायफलीचंही तेच. अशा शस्त्रांचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळत नाही, तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाचा. आणि विनापरवाना सापडली तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात ते चौदा वर्षं. "गावाकडे एकाकडे पडून आहे, स्वस्तात देतोय" असं कोणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

आता ज्या वाटा खरोखर खुल्या आहेत त्या बघू.

पहिली, घरातली वारशाची ठासणीची. परवान्यावर हिला 'एमएल गन' लिहितात. कोकणात रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत ती रानडुकरांपासून शेत राखायला होती, आणि त्यांतल्या काही मुळात लष्करी आहेत हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. आमचंही तसंच होतं. आजोबा तिला नुसतं 'बार काढायची' म्हणत. वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर करायला घेतला तेव्हा मी पहिल्यांदा ती नीट पाहिली.

त्याआधीची एक पायरी महत्त्वाची. ठासणीची बंदूक हातात आली की पहिल्यांदा तिचा गज, म्हणजे बार ठासायची सळई, नळीत अलगद, टेकेपर्यंत सोडायचा. तोंड कोणाकडेही रोखलेलं नको, आपल्या चेहऱ्याकडे तर नकोच. गजावर नळीच्या तोंडापाशी खूण करायची, मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. खूण तोंडाशी धरली की गजाचं टोक जवळजवळ टोपी, म्हणजे बार पेटवणारी बारीकशी वाटी, बसते तिथपर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. अशी बंदूक स्वतः उकरत बसायची नाही, परवानाधारक कारागिराकडेच द्यायची.

आमची रिकामी होती. छोटा एलईडी दिवा दोऱ्याला बांधून नळीत सोडला आणि आत डोकावलो. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डला .५७७ चा बोअर आणि आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे पीळदार चर, असतात. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ ची ठिणगी पडली. आमच्या नळीत आटे नव्हते. भिंत आरशासारखी सपाट, आणि मागची साइटही साधी, पल्ल्याचे आकडे नसलेली. उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती आट्यांच्या रायफली ठेवायच्या नाहीत असं ठरवलं आणि त्याच ढाच्याच्या सपाट नळीच्या बंदुका त्यांना दिल्या. लांबून नेम लागू नये अशाच त्या घडवलेल्या. हे कळल्यावर मी बराच वेळ तो दिवा नळीत तसाच धरून बसलो होतो. आपल्या माणसांवरचा अविश्वास त्या गुळगुळीत भिंतीत दिसतो.

म्हणूनच तिच्या बाबतीत झालेली एक चूक मला अजून सलते. पंचवीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी ती एका दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. त्यानं चांगल्या हेतूनं तिला बफिंगच्या चाकावर धरलं आणि चकचकीत करून परत दिली. चापाच्या पट्टीवर मुकुट होता, त्याचा वरचा अर्धा भाग गेला. 'टॉवर' या कोरीव शब्दातली मधली अक्षरं बोटाला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत. १८५९ मधला नऊ अर्धाच उरलाय. गंज साफ करता येतो, घासून गेलेलं अक्षर परत आणता येत नाही.

तेव्हा डागडुजीचा माझा पहिला नियम असा की चाक नाही, पॉलिश पेपर नाही, लोखंडाला नवं निळं पाणी, म्हणजे रासायनिक निळा-काळा रंग, नाही. लोखंडी सुट्या भागांवर लाल गंज असेल तर ते स्टीलच्या पातेल्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास उकळायचे. लाल भुकटी काळी, मखमलीसारखी होते. मग अगदी बारीक स्टील वूलला तेल लावून हलक्या हातानं पुसली की खालचा जुना काळसर रंग तसाच राहतो. खड्डे राहतात, राहू द्यावेत. पितळेचा कुंदापट्टा आणि चापाची कमान चिंचेनं घासायचा मोह आपल्या घरात हमखास होतो. तो टाळावा. दीडशे वर्षांचा तपकिरी रंग पाच मिनिटांत जातो आणि बंदूक समईसारखी दिसू लागते.

दस्त्याला जवसाचं तेल. बोटावर दोन थेंब, तळहातानं गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून काढायचं आणि दोन-तीन दिवस थांबायचं. हे काम मार्च-एप्रिलमध्येच करावं, ठाण्याच्या पावसाळ्यात ते तेल आठवडाभर चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. चापाच्या आतल्या कळेला आजोबा खोबरेल लावत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते थिजायचं आणि घोडा जड पडायचा, पुढे त्याचीच राळ झाली. शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरतं.

साफसफाई इथपर्यंत आपली. त्यापुढे, म्हणजे स्प्रिंग बदलणं, टोपीची चिमणी नवी बसवणं, नळीला हात लावणं, हे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवानाधारकाचंच काम आहे. दुरुस्ती आणि चाचणी दोन्ही त्यात येतात. नळी तोकडी करणं तर वेगळाच गुन्हा.

ती चालवावी का? माझं मत स्पष्ट आहे, चालवू नये. त्या काळच्या सपाट नळ्यांच्या भिंती पातळ, त्यावर कित्येक पावसाळ्यांचा गंज, आणि आत कुठे खोल खड्डा पडलाय हे डोळ्यांना कळत नाही. दसऱ्याला किंवा वरातीत हवेत बार काढणं आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पहिल्या वाटेनं तुम्हाला 'जुनी' आणि 'लष्कराची' मिळते, तिसरं सोडावं लागतं.

कागदपत्रांचं मात्र सोपं नाही. वारसाला परवाना मिळण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. धारक वारल्यावर तर आहेच, पण धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तरी तो हयातीत वारसाला देऊ शकतो. ठाणे आणि नवी मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. गावाकडचा परवाना इथे आणायचा असेल तर पत्ताबदलाची नोंद दोन्हीकडे लागते, भावंडांची ना हरकत पत्रं लागतात. माझ्या फायलीला चौदा महिने लागले, त्यातले पाच एका कार्यालयात कागद गहाळ झाला म्हणून. प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स ठेवा. मुदत आता पाच वर्षांची असते. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, वारशाचीही त्यातच. आणि निवडणूक लागली की जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना बंदुकीवरच्या प्रत्येक खुणेचा फोटो काढून ठेवा आणि पावतीवर अवस्था लिहून घ्या.

दुसरी वाट मुक्या, म्हणजे कधीच चालू न शकणाऱ्या बंदुकीची. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुनाट नमुन्याची, पुरातन मोलाची किंवा मोडकी वस्तू वगळली आहे, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ती बंदूक म्हणून वापरता येणार नाही. ही अट लोक विसरतात. चाप तुटलाय म्हणून ती सुटत नाही, चाप बसवता येतो. विकणारा 'अँटिक आहे, परवाना लागत नाही' म्हणतो त्याला कायद्यात काही वजन नाही. घेण्याआधी आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत घरी आणू नका. विनापरवाना साध्या बंदुकीलाही दोन ते पाच वर्षं आहेत.

या बाजारात नकलाही खूप. मार्टिनी-हेन्री हे नाव ऐकलं की मन हलतं. १८७१ ची, खाली तरफ ओढली की नळीचं बूड उघडतं, एका वेळी एकच जाडजूड काडतूस. सरहद्द प्रांतातल्या लोहारांनी तिच्या हुबेहूब नकला हातानं घडवल्या. ओळखायची एक खूण अशी की मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि साल मात्र १९०१ नंतरचं, म्हणजे राणी गेल्यावरचं. कधी एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, कधी एखादं अक्षर उलटं. शंभर वर्षांवरची खरी वस्तू असेल तर ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशी असलेल्या नातेवाइकांना सांगून ठेवा.

मुकी बंदूक कोणासाठी? ज्याला इतिहास हवा आहे आणि हातात घेतलेल्या वस्तूत जीव हवाच असा हट्ट नाही त्याच्यासाठी. खरं सांगायचं तर अशा माणसाला मी आधी मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात एक पूर्ण दिवस घालवायला सांगतो. दहापैकी सहा-सात जणांची भूक तिथेच भागते.

तिसरी वाट पॉइंट थ्री वन फाइव्हची. इंग्रजांनी लष्करी काडतूस जनतेच्या हाती नको म्हणून .३०३ बंद ठेवली, तेव्हा साध्या परवानाधारकांसाठी मानलिखरच्या आठ मिलिमीटर काडतुसावरची ही रायफल पुढे आली. इशापूरची .३१५ आतून ली-एनफिल्डचीच बहीण आहे. एका स्नेह्यांकडे ती मी हाताळली. बोल्ट मागे सहज येतो आणि पुढे ढकलताना शेवटच्या इंचाला स्प्रिंग दाबली जाते, तो हलका विरोध अंगठ्याच्या मुळाशी जाणवतो. अगदी थ्री नॉट थ्रीसारखा. काडतुसाच्या बुडावर खडकीच्या कारखान्याचे 'केएफ' उमटलेले. ज्याला त्या यंत्राची चाल आवडते त्याला हिच्यात लष्कराची आणि चालणारी दोन्ही मिळतं. जुनेपण मात्र नाही, ती कुठल्या लढाईत गेलेली नाही. आणि चालवायची कुठे? शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपली, मोठ्या बोअरला खुली असलेली रेंज आपल्या भागात सहजी नाही. परवाना द्यायलाही कारण लागतं, 'आवड' हे कारण नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक .३१५ वर्षात एकदा तेल लावण्यापुरत्या बाहेर येतात. चालवण्याच्या हौसेसाठी ही घेऊ नका असंच मी सांगेन.

चौथी वाट क्लबाची. जुन्या बंदुकीच्या नादातल्या माणसाला ही आधी फिकी वाटते. मलाही वाटली होती. एअर रायफल म्हणजे जत्रेतले फुगे असं डोक्यात होतं. मग लेकीला घेऊन पनवेलला गेलो. तिथल्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्या २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या होत्या आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण मारून त्यांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं थेट पनवेल, अडचण काही नाही.

दहा मीटरवरच्या लक्ष्यात मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीचं टोक टेकवावं तेवढा. साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. पहिल्या दिवशी मला माझ्या हृदयाचे ठोके माशीत, म्हणजे नळीच्या पुढच्या नेमखुणेत, दिसले, प्रत्येक ठोक्याला ती किंचित उडत होती. एवढा खोल अनुभव मला कुठल्याही जुन्या लोखंडानं दिला नव्हता. आणि कायदा इथे सोपा आहे. .१७७ बोअर आणि वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, ओळखपत्र द्यावं लागतं. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला सरावासाठी .२२ वापरायची मुभा अधिनियमातच आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडी. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच .२२ वर, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. उभं, गुडघ्यावर, पालथं. ही तीन आसनं सैनिकाचीच आहेत. खर्च मात्र कमी समजू नका, स्पर्धेची परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. पहिलं वर्ष क्लबाच्याच रायफलीवर काढा.

तर मामेभावाला मी काय सुचवलं? नेमाची हौस असेल तर क्लब, आजच. यंत्राच्या चालीची असेल तर .३१५ असलेल्या ओळखीच्या माणसाकडे जाऊन ती हाताळून ये, घेऊ नकोस. आणि जुन्याची असेल तर विकत घेण्याआधी स्वतःचं घर बघ. माणगावच्या वाड्यात मामांची ठासणीची आहे, मामा बहात्तरचे आहेत, म्हणजे आताच तुझ्या नावावर व्हायचा अर्ज करता येईल. तो म्हणाला, "अरे दादा, ती लष्कराची नाही, गावठी आहे." मी म्हटलं, बघितलीस का कधी? आधी गज लाव.

पुढच्या रविवारी त्याचा माणगावहून फोन आला. आवाज खाली गेलेला. मामांनी बंदूक अंगणाकडे तोंड करून धरली होती, त्यानं गज सोडला, खूण केली आणि बाहेरून लावून बघितला. पाच बोटं कमी. मामांना आठवेना, पण मामी आतून म्हणाल्या की ते शेवटचं डुक्कर निघून गेलं त्या रात्री ठासलेली तशीच राहिली होती. म्हणजे भाऊ दहावीत होता तेव्हाची. इतकी वर्षं ती माजघरात कोठीमागे उभी होती. सध्या ती परवानाधारक कारागिराकडे आहे, बार काढून नळी गरम पाण्यानं धुवायला सांगितलीय, आणि चापाच्या पट्टीला चाक लावायचं नाही असं पावतीवर लिहून घेतलंय. पट्टीवर गंजाखाली काहीतरी कोरलेलं आहे. वाचता येत नाही अजून.